"किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी!"

कोरीवही

लहानपणी माझं कौतुक व्हायचं ते एकाच शब्दानं. समजूतदार. दुकानात नेलं तर हट्ट नाही, कुणी खेळणं दाखवलं तर हात पुढे नाही, पाहुण्यांनी "काय हवं गं तुला?" विचारलं तर "काही नको." मग पाहुणे आईकडे वळून म्हणायचे, "किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी!" आई हसायची. त्या हसण्यात काय काय होतं ते मला आता, माझी मुलगी त्या वयाची झाल्यावर, थोडं थोडं कळायला लागलंय.

गेल्या आठवड्यात तिच्या शाळेतून सहलीची चिठ्ठी आली. चपला काढायच्या आधी दारातूनच ओरडली, "आई, सहल! सही कर!" मी सही केली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत उभी राहिले.

मी पाचवीत होते तेव्हा मलाही अशीच चिठ्ठी मिळाली होती. 'पाठवणार आहे / पाठवणार नाही', आणि खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. ती मी घरी दाखवलीच नाही. कंपासपेटीच्या तळाशी कागद घातलेला असतो ना, त्याच्याखाली घडी करून ठेवली. महिन्याचे शेवटचे दिवस होते. त्या दिवसांत बाबा जेवताना बोलायचे नाहीत, आणि आई दिवा लवकर मालवायची. शेवटच्या दिवशी बाईंना सांगितलं, "मला गाडी लागते." मैत्रिणींनाही तेच. शेजारच्या मुलाकडून घरी सहलीचा विषय निघाला तेव्हा आईलाही तेच. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

मला गाडी लागत नाही. कधीच लागली नाही. पण एकदा सांगितलं म्हटल्यावर ते निभवावं लागलं. पुढे कितीतरी वर्षं प्रवासात नातेवाईक मला खिडकीशी बसवायचे, हातात पिशवी द्यायचे, आणि मी डोळे मिटून बसायचे. खिडकी मिळूनही बाहेर बघायचे नाही.

मला जे म्हणायचंय ते असं, की समजूतदारपणा हा माझा स्वभाव नव्हता. ते काम होतं. रोजचं, न सुटणारं काम. बाबांनी दार कसं लावलं यावरून आज काही मागायचं की नाही हे ठरवणं. बूट घट्ट झाले तर आत बोटं दुमडून चालणं आणि लंगडत नाही ना हे सांभाळणं. वर्ष संपलं की जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून, दाभणानं शिवून नवी वही करणं, आणि वर्गात ती बाकाच्या कडेला हातानं झाकून लिहिणं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं नसेल तर दोन दिवस आधीपासून थोडं थोडं खोकायला सुरुवात करणं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं हे वेळापत्रक होतं आणि ते कुणाच्याही लक्षात येत नव्हतं. येऊ नये यासाठीच तर ते सगळं होतं.

या मंचावर असे अनेकजण असतील. लिहाल का? एकच विनंती. "त्यामुळेच मी घडलो" हे खरं असेलही, पण ते नंतरचं झालं. त्या दिवशी, त्या वयात नेमकं काय केलं होतं ते लिहा.

पायवाट

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मग हे आठवलं.

आमच्याकडे दार उघडायचं काम माझं. मी सगळ्यात धाकटा म्हणून. पैसे मागायला आलेल्या माणसाचा आवाज लहान मुलासमोर खाली येतो, हे घरातल्या मोठ्यांना माहीत होतं. "बाबा घरी नाहीत म्हण." मी म्हणायचो. बाबा आतल्या खोलीत असायचे, श्वास रोखून. दारातला माणूस माझ्या डोक्यावरून आत बघायचा आणि मी दाराची फट माझ्या अंगाएवढीच ठेवायचो.

एकदा तो माणूस खाली वाकून म्हणाला, "बाळ, खरं सांग." चांगला माणूस होता, आवाजही मऊ होता. मी परत तेच सांगितलं. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहिलेलं असायचं आणि मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचो. या दोन गोष्टी मनात एकत्र ठेवणं फार जड जायचं. आजही दाराची बेल वाजली की पोटात काहीतरी हलतं. घर स्वतःचं आहे, कुणाचं देणं नाही, तरी हलतं.

उधारीवर सामान आणायलाही मलाच पाठवायचे. कारण तेच.

मुक्कामपोस्ट

माझी गोष्ट वेगळी आहे. आम्ही मागत नव्हतो असं नाही, आम्ही टिकतच नव्हतो. दहावीपर्यंत सात घरं बदलली. भाडं थकलं की घर बदलायचं. आई रात्री सामान बांधायला लागली की मी समजायचे.

लोकांना वाटतं घर बदललं की मूल रडतं ते मैत्रिणींसाठी. मी दुसऱ्या घरानंतर जिवलग मैत्रीण करणंच बंद केलं, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. मला त्रास व्हायचा तो अभ्यासाचा. एका शाळेत अपूर्णांक शिकवायला सुरुवात झाली की आम्ही निघायचो, आणि दुसऱ्या शाळेत ते शिकवून झालेले असायचे. माझे अपूर्णांक खरंच कधी झालेच नाहीत. "ही गणितात कच्ची आहे" असं प्रगतिपुस्तकात तीन वेगवेगळ्या शाळांनी लिहिलं. कुणालाच दिसलं नाही की मधली पानंच गळालेली आहेत.

आकडेमोड

कोरीवही, तुमच्या चिठ्ठीबद्दल थोडं सांगतो, कारण ती एकट्या तुमची नाही.

गरिबीवर संशोधन शंभर वर्षांहून जुनं आहे. सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघरी पाहणी केली आणि दाखवून दिलं की मजुराच्या आयुष्यात हलाखीचे तीन टप्पे येतात: स्वतःचं बालपण, स्वतःची मुलं लहान असतानाचा काळ आणि म्हातारपण. म्हणजे बालपणीची गरिबी आणि तरुण आईबापांची गरिबी ही एकाच घरातली, एकाच वेळची गोष्ट. पण त्यानंतरही कितीतरी दशकं पाहणी करणारे मोठ्यांशीच बोलत राहिले. कुटुंबाचं उत्पन्न, कुटुंबाचा खर्च. मुलं म्हणजे 'खाणारी तोंडं' या रकान्यातला आकडा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून काही संशोधक थेट मुलांशी बोलायला लागले. त्यात ब्रिटनच्या टेस रिज यांचं काम महत्त्वाचं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतल्या ४० मुलामुलींशी त्या बोलल्या आणि ते २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली एक गोष्ट वाचून मी थांबलो होतो: काही मुलं सहलीचं पत्र घरी नेतच नव्हती. आईवडिलांना नाही म्हणावं लागू नये म्हणून मुलंच आधी स्वतःला वगळून टाकत होती. घरच्यांना कळायचंही नाही की सहल होती. वेगळा देश, वेगळी भाषा, आणि चिठ्ठीची घडी तीच.

किती मुलं? युनिसेफ आणि जागतिक बँकेनं २०२३ मध्ये एकत्र अंदाज मांडला होता: २०२२ साली जगात सुमारे ३३.३ कोटी मुलं दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमीवर जगत होती. दर सहा मुलांमागे एक. जगाच्या लोकसंख्येत मुलं साधारण एक तृतीयांश आहेत, पण अतिगरिबांमध्ये ती निम्म्याहून जास्त आहेत. आणि ही फक्त सगळ्यात खालची रेघ. तुम्ही, पायवाट, मुक्कामपोस्ट कदाचित या रेघेच्या वरच होता. रेघेच्या जरा वर असणाऱ्यांची मोजदाद तर त्याहून विरळ.

उंबरठा

वेगळं मत मांडतो, राग नसावा.

आमच्या लहानपणी सगळेच तसे होते. एक गणवेश, तो रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. पुस्तकं मोठ्या भावंडांची. आम्हाला कधी वाटलंच नाही की आपण गरीब आहोत. हट्ट न करणं, परिस्थिती ओळखणं हे संस्कार होते. आज मुलांना शब्द तोंडातून पडायच्या आत वस्तू मिळते आणि तरी ती खूश नाहीत. तुम्ही ज्याला काम म्हणता आहात त्यातूनच माणूस उभा राहतो. प्रत्येक गोष्टीत जखम शोधायची सवय बरी नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कोरीवही

उंबरठा, राग अजिबात नाही. "सगळेच तसे होते" हे तुम्ही लिहिलंत त्यातच फरक आहे असं वाटतं. माझ्या वर्गात सगळे तसे नव्हते. पस्तीसजणींनी सही आणली होती. ज्यांच्या नव्हत्या अशा दोघी होत्या, आणि आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. ती दुसरी मुलगी कोण हे मला माहीत होतं, तिलाही माझं माहीत होतं. आम्ही मैत्री करू शकलो असतो. उलट आम्ही एकमेकींना टाळलं, कारण दोघी एकत्र दिसलो असतो तर लगेच कळलं असतं.

आकडेमोड

उंबरठा यांच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि तो जुना आहे. अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञानं १७७६ मध्ये लिननच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं होतं. लिननचा सदरा जगायला लागत नाही, ग्रीक-रोमन लोक त्याच्याशिवाय सुखात जगले. पण स्मिथच्या काळातल्या युरोपात तो नसेल तर मजुरालाही चारचौघांत यायची लाज वाटायची, म्हणून तो गरजेचा. अमर्त्य सेन यांनी १९८३ मध्ये हाच धागा पुढे नेला: वस्तू बदलतात, पण चारचौघांत मान खाली न घालता येणं ही गरज बदलत नाही.

सगळ्यांकडे एकच गणवेश असेल तर रात्री धुतलेला गणवेश ही फक्त मेहनत. बाकीच्यांकडे तीन असतील तर तोच ओलसर गणवेश मुलाला वर्गात सगळ्यांपासून दूर बसवतो.

तिसरंबाकडं

मला एक गोष्ट बरीच वर्षं बोलायची होती. गरीब घरातल्या मुलांना 'धीर नसतो', 'हातात पैसा टिकत नाही' हे मी नातेवाइकांकडून, शिक्षकांकडून, अगदी पुढे नोकरीतल्या साहेबांकडूनही ऐकलंय.

माझ्याकडे मातीचा गल्ला होता. पाहुण्यांनी हातावर ठेवलेलं त्यात टाकायचो. दोन वर्षं टाकलं. मला रंगपेटी घ्यायची होती, मोठी, खटका दाबून उघडणारी. एका रात्री गल्ला फोडला गेला. आईनं मला उठवून विचारलं होतं, न विचारता नाही फोडला. "पुढच्या महिन्यात परत देते हं." धाकट्याचं औषध आणायचं होतं. मी हो म्हणालो, मनापासून म्हणालो. पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी आलं.

दुसरा गल्लाही तसाच गेला. त्यानंतर हातात काही आलं की मी त्याच दिवशी संपवायचो. त्याला लोक उधळेपणा म्हणाले. मला तेव्हाही पक्कं कळत होतं की जे आज पोटात गेलं किंवा हातात आलं तेवढंच आपलं. आईवर माझा राग नव्हता. आजही नाही. पण 'नंतर' या शब्दावरचा विश्वास गेला तो गेला. माझी नोकरी चांगली आहे, आणि तरी मुदत ठेवीच्या कागदावर सही करताना मला आतून आत्ताही खोटं वाटतं.

आकडेमोड

तिसरंबाकडं, तुम्ही जे लिहिलंय ते एका प्रयोगात जवळजवळ तसंच दिसलंय.

मुलांसमोर एक गोड वडी ठेवायची आणि म्हणायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला हा प्रयोग प्रसिद्ध आहे. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असं त्यावरून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याआधी एक पायरी घातली (२०१३ मध्ये प्रसिद्ध). लहान मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि सांगितलं, थांब, चांगले रंग आणून देतो. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. बाकीच्यांना येऊन सांगितलं, अरे, सॉरी, नाहीयेत. मग वडीचा प्रयोग केला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना नाही दिसला ती ३ मिनिटं.

मुलं २८च होती, त्यामुळे यावरून फार मोठं अनुमान काढू नये. पण २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली गेली तेव्हाही घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर 'थांबणं' आणि 'पुढचं यश' यातला संबंध बराचसा विरला. धीर मुलात असतो की नसतो, हा प्रश्नच चुकीचा. धीर धरून काही मिळतं असा अनुभव आहे का, हे विचारायला हवं. तुम्ही दोन गल्ल्यांनंतर काढलेला निष्कर्ष त्या परिस्थितीत अचूक होता.

आणि तुमच्या आईनं तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं, हे मी विसरणार नाही.

खडूफळा

मी बावीस वर्षं शिकवते आहे. हा धागा तीन दिवस वाचतेय, आता लिहिते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, नीटनेटका, पण ठरावीक दिवशी गैरहजर. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर बोलले. वर्ष संपायच्या सुमारास सहज हजेरीपट चाळताना लक्षात आलं की तो गैरहजर होता ते सगळे दिवस प्रकल्प जमा करायचे, स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचे आणि वर्गाच्या फोटोचे. तारखा मीच दिलेल्या होत्या. मी रंगीत कार्डपेपर, चमकीचे कागद, प्रिंट काढून आणायला सांगत होते आणि जो आणू शकत नव्हता त्याला 'बेजबाबदार' म्हणत होते. तो वर्ग पुढे गेला. मला त्याची माफी मागायची होती, ती मागायची राहिली. ते आजही सलतं.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या. प्रकल्पाचं सामान वर्गातच, सगळ्यांना सारखं, आणि काम शाळेतच. घरून काहीही आणायचं नाही. "कुणाचे पैसे राहिले आहेत" हे वर्गात विचारणं पूर्ण बंद. जे काही द्यायचं-घ्यायचं ते बंद पाकिटात, पाकीट सगळ्यांनी आणायचं, रिकामं असलं तरी. आत काय आहे ते फक्त मी बघते. 'सुट्टीत मी कुठे गेलो' हा निबंध देत नाही. त्याऐवजी 'सुट्टीत मी लक्ष देऊन पाहिलेली एक गोष्ट' देते, आणि खरं सांगते, निबंध कितीतरी चांगले येतात. एका मुलीनं मुंग्यांच्या रांगेवर तीन पानं लिहिली.

माझ्या ओळखीतले काही शिक्षक म्हणतात, गरजू मुलांना बाजूला घेऊन मदत करा. हेतू चांगला असतो. पण बाजूला घेतलं की ते सगळ्यांना दिसतं. फिनलंडनं १९४३ मध्ये कायदा करून शाळेतलं जेवण प्रत्येक मुलाला मोफत दिलं, १९४८ पासून ते सगळीकडे लागू झालं. श्रीमंताचं मूलही त्याच रांगेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. दोन्हीकडे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. ताट हातात घेताना मुलाला काही सिद्ध करावं लागत नाही.

मुक्कामपोस्ट

खडूफळा, रिकामं पाकीटही आणायचं, हे वाचून डोळे भरून आले. एवढंच.

एक_बाप

मी पहिल्यांदाच लिहितोय. तुम्ही सगळे जुनं सांगताय. माझ्याकडे आत्ता चालू आहे.

माझं काम सुटलं, आता मिळेल ते करतो, बहुतेक रात्रपाळी. बायको दोन ठिकाणी जाते. मुलगी आठ वर्षांची आहे. ती काही मागत नाही. मला याचा अभिमान वाटायचा. मी लोकांना सांगायचो, आमची पोरगी फार समजूतदार. हा धागा वाचल्यापासून मी तिच्याकडे बघतोय आणि मला भीती वाटते.

घरी आलो की मी चिडलेला असतो. तिच्यावर ओरडतो, छोट्या गोष्टीवरून. ती लगेच पाणी आणून देते. तिनं रडलेलं मला परवडेल. ती पाणी आणून देते ते बघवत नाही.

तिला काय सांगू? सगळं खरं सांगितलं तर तिच्या डोक्यावर ओझं. नाही सांगितलं तर ती स्वतःच ओळखते. तुम्ही त्या जागी होता. तुम्हाला कुणी काय सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं?

पायवाट

दादा, मला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की "हे मोठ्यांचं आहे, आम्ही बघतोय, तुझ्यामुळे झालेलं नाही." मला बरीच वर्षं वाटायचं की मी नसतो तर भागलं असतं. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला होता, माझा खर्च वजा केला तर किती उरेल याचा. आठ वर्षांची मुलगी असा हिशेब करू शकते. करत असेल असं नाही, पण करू शकते.

आणि तिला दार उघडायला पाठवू नका. कितीही अडचण असली तरी.

कोरीवही

मला वाटतं खरं सांगावं, पण तुकडा छोटा असावा. "या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्यात बघू" यापेक्षा "हे जमणार नाही, ते जमेल" असं. तिसरंबाकडं यांनी लिहिलंय तसं, न पाळता येणारा 'नंतर' देऊ नये. लहानसा का होईना, पाळता येईल असाच शब्द द्यावा.

आणि तिला मागू द्या. मुद्दाम विचारा, "तुला काय हवंय? मिळेलच असं नाही, पण मला माहीत असू दे." आमच्या घरात मागणं आणि मिळणं या दोन गोष्टी एकच झाल्या होत्या. मिळणार नाही म्हणून मागायचं नाही, मग हवंसं वाटूच द्यायचं नाही. मोठी झाल्यावर नवऱ्यानं विचारलं, तुला काय आवडतं, तर मला खरंच सांगता येईना.

आकडेमोड

एक_बाप, चिडण्याबद्दल. तामिळनाडूत ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी, ऊस तोडणीच्या आधी हात तंगीत असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर. विचार करण्याच्या त्याच प्रकारच्या चाचण्यांत तोच माणूस तंगीत असताना कमी पडला. डोकं एका हिशेबात अडकलेलं असलं की बाकीच्यासाठी जागा उरत नाही. तुम्ही वाईट बाप आहात म्हणून ओरडत नाही आहात.

आणखी एक. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९९३ पासून मुलांचा एक दीर्घ अभ्यास चालू होता. मध्येच तिथल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या जागेवर कॅसिनो उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला दर सहा महिन्यांनी मिळू लागला. कुणी काही केलं नव्हतं, फक्त घरात पैसे आले. जी कुटुंबं त्यामुळे गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांचं उद्धट वागणं, भांडणं, आडमुठेपणा कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका झाला. कारण शोधलं तेव्हा दिसलं, आईवडिलांना मुलांकडे बघायला वेळ मिळायला लागला होता. मुलांची चिंता आणि उदासी मात्र त्या मानानं फारशी हलली नाही. आत गेलेलं लवकर निघत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

तुम्हाला उद्या पैसे मिळतील असं मी म्हणू शकत नाही. पण ओरडून झाल्यावर तिच्याजवळ जाऊन "मी चुकलो" म्हणायला पैसे लागत नाहीत.

उंबरठा

मी परत आलोय. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, कष्टातून माणूस घडतो हे मी अजूनही मानतो. पण एक लिहायचं आहे.

"आम्हाला कधी वाटलंच नाही की आपण गरीब आहोत" असं मी लिहिलं. त्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही. आम्ही पाच भावंडं. सगळ्यात मोठी ताई. तिनं सातवीनंतर शाळा सोडली. का, ते कधी कुणी बोललं नाही. "तिला अभ्यासाची आवड नव्हती" असं घरात म्हटलं जायचं आणि मी ते पन्नास वर्षं खरं मानलं. आता आठवतंय, माझ्या पुस्तकांना कव्हरं तीच घालायची आणि घालता घालता वाचत बसायची. आई हाक मारायची तेव्हा पटकन मिटायची.

आम्हाला गरिबी वाटली नाही, कारण ती तिच्या वाट्याला गेली होती. ताई आहे अजून. तिला विचारायचं धाडस झालेलं नाही.

कोरीवही

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल आईला फोन केला. सहलीचं विचारलं. तिला एवढं जुनं आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुला कधी गाडी लागली होती? मला माहीत नाही का?" शेजारणीकडून तिला आधीच सहलीचं कळलं होतं. ती शाळेत जाऊन बाईंना भेटूनही आली होती. बाई दोन हप्त्यांत चालेल म्हणाल्या होत्या. त्याच संध्याकाळी ती मला सांगणार होती. "आणि तू आलीस आणि म्हणालीस, मला गाडी लागते. इतकं सरळ तोंड करून म्हणालीस. मला एकदम हलकं वाटलं गं. ते पैसे दुसरीकडे लागणारच होते. मग रात्री झोप आली नाही. आपल्याला हलकं वाटलं याचीच लाज वाटली."

दोघीही बराच वेळ फोनवर होतो. फार काही बोललो नाही. मग तिनं विचारलं की नातीच्या सहलीला डब्यात काय देणार आहेस.

खडूफळा

सहलीबद्दल एक विचारायचं होतं, इथे अनुभवी लोक आहेत म्हणून. यंदा चिठ्ठीतून 'पाठवणार नाही' हा पर्याय काढून टाकावा का, असा विचार करतेय. फक्त 'पालकांना शाळेशी बोलायचं आहे' असा एक चौकोन. पण मग मूल ती चिठ्ठीच घरी नेणार नाही, हा प्रश्न उरतोच. पालकांना थेट फोन करणं जास्त बरं का? साठ मुलं आहेत, करता येतील.

पायवाट

फोनच करा. मुलाच्या हातून काही पाठवलं की ते मुलाच्या हातातच राहतं.

एक_बाप

तुम्ही सांगितलं तसं काल तिला विचारलं. "तुला काय हवंय? मिळेलच असं नाही." आधी काही नको म्हणाली. मी म्हणालो, विचार कर, मी बसलोय इथे.

खूप वेळानं म्हणाली, दप्तराची चेन.

शाळा सुरू झाल्यापासून तुटलेली आहे म्हणे. ती सेफ्टीपिना लावून नेत होती, चार पिना, एका ओळीत. पाऊस आला की पुस्तकं ओली होतात म्हणून दप्तर छातीशी धरून चालायची. मी रोज तिला त्या दप्तरासकट दारातून जाताना बघतो. मला दिसलं नव्हतं.

आज झोपायच्या आधी नेऊन नवी चेन बसवून आणली. ती समोर बसून ती उघडते आहे, लावते आहे, उघडते आहे.

मी सहाला निघेन कामाला. तोपर्यंत बघतो.